वृद्ध फुफ्फुसरुग्णांमधील औषध-सुरक्षा छाननीचे मूल्यमापन

वृद्ध फुफ्फुसरुग्णांमधील औषध-सुरक्षा छाननी म्हणजे दमा, दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसविकार (सीओपीडी), क्षयरोग किंवा क्षयरोगानंतर उरलेला फुफ्फुसविकार असलेल्या वयस्क रुग्णांच्या चालू औषधांची ठरावीक निकषांनुसार केलेली पद्धतशीर पाहणी होय. धोकादायक औषध, वयाला न पेलणारी मात्रा, एकमेकांशी न जुळणारी औषधे आणि गरज असूनही न दिलेले औषध या गोष्टी तीत शोधल्या जातात. भारतात कायद्याने ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस ज्येष्ठ नागरिक मानले जाते. छाननीचे बहुतेक पाश्चात्त्य निकष मात्र ६५ वर्षांपासून लागू होतात.

छाननीचा उपक्रम चालवणे आणि त्यामुळे रुग्णांचे भले झाले की नाही हे पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती रुग्ण तपासले व किती धोके आढळले हे आकडे सहज मिळतात. सापडलेला धोका चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचला का, औषध बदलले का, बदल टिकला का आणि त्यानंतर रुग्णाचा श्वास बिघडला तर नाही ना, हे शोधणे कष्टाचे असते. मूल्यमापनाचा खरा विषय हाच आहे.

पार्श्वभूमी

भारतातील फुफ्फुसविकारांच्या भाराचा राज्यनिहाय अंदाज २०१८ साली 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे २.८१ कोटी रुग्ण होते. २०१६ मध्ये ही संख्या ५.५३ कोटी झाली. दम्याच्या रुग्णांची संख्या २०१६ मध्ये ३.७९ कोटी होती. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सुमारे १८ टक्के असताना, दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे गमावलेल्या निरोगी आयुर्वर्षांत तो ३२ टक्के होता.

हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'द लॅन्सेट'मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे लक्ष वेधले आणि जैव इंधनाच्या धुराला त्यात महत्त्वाचे स्थान दिले. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्या आणि तुराट्या हे असेच इंधन आहे. अनेक वर्षे चुलीपुढे काढलेल्या स्त्रीला साठीनंतर धाप लागू लागते, तेव्हा तो वयाचा परिणाम समजून दुर्लक्षिला जातो किंवा निदान न होताच 'दम्याच्या गोळ्या' सुरू होतात.

वाढत्या वयात मूत्रपिंडांची व यकृताची औषध बाहेर टाकण्याची क्षमता घटते आणि शरीरातील स्नायू व पाण्याचे प्रमाणही बदलते. त्यामुळे चाळिशीत निर्धोक असलेली मात्रा पंचाहत्तरीत जास्त ठरू शकते. फुफ्फुसरुग्णाला बहुधा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा सांधेदुखीही असते व प्रत्येकासाठी वेगळे औषध असते. रोज पाच किंवा अधिक औषधे चालू असणे यास बहुऔषधता म्हणतात. औषधांच्या दुष्परिणामांचे प्रमाण किती मोठे असू शकते याची कल्पना इंग्लंडमधील मर्सीसाइड भागात झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून येते. तीत १८,८२० रुग्णालय-भरतींपैकी ६.५ टक्के भरतींचा औषधाच्या दुष्परिणामाशी संबंध आढळला. दोषी औषधांत दुर्मीळ असे फारसे काही नव्हते. ॲस्पिरिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वॉरफरिन आणि वेदनाशामके ही नेहमीचीच नावे होती.

धोका कोठे असतो

या रुग्णांच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण थिओफायलिनचे आहे. हे औषध स्वस्त आहे, गोळीच्या रूपात मिळते आणि पंप वापरण्याचा संकोच असलेल्या रुग्णांना सोयीचे वाटते. म्हणून ग्रामीण भारतात ते अजूनही मोठ्या प्रमाणात दिले जाते. मात्र त्याची उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते. तंबाखूच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर नष्ट करते. परिणामी विडी ओढणाऱ्या रुग्णाला जास्त मात्रा लागते, आणि त्याने डॉक्टरांचा सल्ला मानून विडी सोडली की तीच मात्रा काही दिवसांत अतिरिक्त ठरते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक सोबत दिल्यासही पातळी वाढते. मळमळ, धडधड, हातांची थरथर आणि निद्रानाश ही विषबाधेची सुरुवातीची लक्षणे होत. पुढे झटके येऊ शकतात किंवा हृदयाची लय बिघडू शकते.

यातून 'औषधांची साखळी' तयार होते. मळमळीसाठी पित्ताची गोळी, निद्रानाशासाठी झोपेची गोळी, धडधडीसाठी आणखी एखादी गोळी, असे प्रत्येक दुष्परिणामाला नवा आजार समजून नवे औषध दिले जाते. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९० च्या दशकात या प्रकाराचे वर्णन केले. सीओपीडीच्या रुग्णात ही साखळी अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या झोपेच्या गोळीपर्यंत पोहोचते तेव्हा ती विशेष घातक असते. कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णाची श्वसनाची प्रेरणाच अशा गोळीने मंदावते. रक्तदाबावरील एनालाप्रिल-रॅमिप्रिल गटातील गोळ्यांनी येणारा कोरडा खोकलाही असाच फसवा असतो. तो फुफ्फुसविकाराचाच मानला जातो आणि त्यावर गुंगी आणणारे खोकल्याचे औषध दिले जाते.

तोंडावाटे किंवा इंजेक्शनद्वारे दिली जाणारी स्टेरॉइडे हा दुसरा मोठा विषय आहे. धाप वाढल्यावर काही दिवस स्टेरॉइड देणे योग्यच असते. स्वित्झर्लंडमधील 'रिड्यूस' या २०१३ सालच्या चाचणीने सीओपीडीच्या तीव्र झटक्यात पाच दिवसांचा उपचार चौदा दिवसांच्या उपचारापेक्षा कमी पडत नाही असे दाखवले. अडचण येते ती 'बरे वाटते' म्हणून गोळी महिनोन्‌महिने चालू राहते तेव्हा. रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, आणि दडलेला क्षयरोग उफाळू शकतो. विशेष म्हणजे अशी गोळी एकाएकी बंद करणेही जिवावर बेतू शकते, कारण तोवर अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे काम थांबवलेले असते.

श्वासावाटे घेण्याच्या औषधांत धोका कमी असतो, पण नसतोच असे नाही. फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉलच्या 'टॉर्च' चाचणीत (२००७) स्टेरॉइडयुक्त पंप वापरणाऱ्या सीओपीडी रुग्णांत न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळले. इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियमने पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते. आणि नेब्युलायझरचा मास्क सैल असेल तर औषधाची वाफ डोळ्यांत जाऊन काचबिंदू भडकू शकतो.

डोळ्यांच्या औषधाचा मुद्दा वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलॉलच्या थेंबांचा अंश रक्तात शोषला जातो आणि दम्याच्या रुग्णात श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. परंतु 'कोणती औषधे घेता?' या प्रश्नाच्या उत्तरात रुग्ण डोळ्यांचे थेंब सांगत नाहीत. ते त्यांच्या दृष्टीने औषधच नसते.

क्षयरोगाच्या उपचारात वयाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. आयसोनियाझिडमुळे यकृताला होणारी इजा वयाबरोबर वाढते. रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चालना देते, त्यामुळे थिओफायलिन, वॉरफरिन, प्रेडनिसोलोन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि अम्लोडिपिन यांचा प्रभाव घटतो. या काळात एखाद्या औषधाची मात्रा वाढवली असेल आणि क्षयरोगाचा उपचार संपल्यावर ती पूर्ववत केली नाही, तर धोका उपचार संपल्यानंतर सुरू होतो. औषधरोधी क्षयरोगातील बेडाक्विलिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे हृदयाच्या विद्युत्‌लयीवर परिणाम करतात; या औषधांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून सक्रिय औषध-सुरक्षा निरीक्षणाचा आग्रह धरला आहे.

छाननीचे निकष

अमेरिकेतील मार्क बीअर्स यांनी १९९१ साली शुश्रूषागृहातील वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी तयार केली. पुढे 'बीअर्स निकष' या नावाने ती प्रसिद्ध झाली व अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी तिच्या सुधारित आवृत्त्या काढते. २०२३ ची आवृत्ती अलीकडची होय. आयर्लंडमधील कॉर्क येथून २००८ साली आलेले 'स्टॉप-स्टार्ट' निकष फुफ्फुसरुग्णांसाठी अधिक उपयोगी मानले जातात, कारण त्यांत श्वसनसंस्थेचा स्वतंत्र विभाग आहे. सीओपीडीत केवळ थिओफायलिनवर भिस्त ठेवणे, पंपाऐवजी कायम तोंडी स्टेरॉइड देणे, उपचार चालू असलेल्या दम्यात हृदयाबरोबर श्वासनलिकांवरही परिणाम करणारे बीटा-ब्लॉकर देणे आणि श्वसन-निकामीपणात झोपेच्या गोळ्या देणे या बाबी त्याच्या 'स्टॉप' भागात येतात. 'स्टार्ट' भाग उलट दिशेने पाहतो: नियमित पंपाची गरज असताना तो दिला आहे का, आणि रक्तातील प्राणवायूचा दाब सतत ६० मिलिमीटर पाऱ्याहून कमी असलेल्या रुग्णाला घरी प्राणवायू मिळतो का. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत एकूण निकषांची संख्या १९० झाली आहे.

या याद्या जशाच्या तशा भारतात लावण्यात अडचणी आहेत. एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असणे ही येथील नित्याची गोष्ट. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ अशा स्थिर-मात्रा मिश्रणांवर बंदी घातली, तरी बाजारात मिश्रणे पुष्कळ आहेत आणि रुग्णाला गोळीत काय आहे हे ठाऊक नसते. माँटेलुकास्ट व ॲलर्जीवरील औषधाचे मिश्रण हे याचे परिचित उदाहरण. माँटेलुकास्टच्या मानसिक दुष्परिणामांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये वेष्टनावर ठळक इशारा देण्यास सांगितले. लेबल नसलेल्या 'दम्याच्या पुड्या' तर कोणत्याच यादीत बसत नाहीत.

मूल्यमापनाची पद्धत

मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणजे छाननीचा पाया तपासणे: औषधांची यादी पूर्ण आहे का? यादीच अपुरी असेल तर तिच्यावर लावलेला उत्तम निकषही निरुपयोगी ठरतो. यासाठी छाननी झालेल्या काही रुग्णांच्या घरी जाऊन सर्व औषधे एका पिशवीत गोळा करायला सांगतात आणि पिशवीतील यादी केसपेपरवरील यादीशी ताडून पाहतात. पिशवीत आढळलेल्या पण कागदावर नसलेल्या औषधांची सरासरी संख्या हा सोपा व प्रामाणिक निर्देशक आहे. पंपाच्या बाबतीत तो 'आहे' एवढ्यावर थांबून चालत नाही. रुग्ण तो कसा ओढतो, नंतर गुळण्या करतो का आणि पंप रिकामा तर नाही ना, हेही पाहावे लागते.

त्यानंतर धोक्याच्या सूचनांची गळती मोजतात. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, २०० रुग्णांच्या छाननीत १२० धोके नोंदले गेले. त्यांपैकी ९० डॉक्टरांना कळवले गेले, ४० ठिकाणी औषध बदलले, आणि सहा महिन्यांनी त्यांतील २५ बदल टिकून होते. अहवालात '१२० धोके शोधले' असे लिहिले जाईल. मूल्यमापकाच्या लेखी उपक्रमाचे काम २५ आहे. उरलेल्या ९५ ठिकाणी काय झाले याचा शोध हाच मूल्यमापनातील सर्वांत उपयुक्त भाग असतो. सूचना चुकीची होती, डॉक्टरला पटली नाही, डॉक्टरकडे पोहोचलीच नाही, किंवा रुग्णाने दुसऱ्या दवाखान्यातून तेच औषध पुन्हा आणले, यांपैकी प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे.

सूचनांची गुणवत्ता ठरवण्यासाठी अनुभवी चिकित्सक व औषधतज्ज्ञ यांच्याकडून नमुन्यादाखल काही सूचना स्वतंत्रपणे तपासून घेतात. सीओपीडी आणि बीटा-ब्लॉकर यांची जोडी दिसताच इशारा देणारी यंत्रणा हे सदोष छाननीचे नमुनेदार उदाहरण आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सीओपीडी रुग्णाला बिसोप्रोलॉलसारखे हृदयनिवडक औषध जीवरक्षक ठरू शकते. केवळ फुफ्फुसांसाठी बीटा-ब्लॉकर देऊन पाहणाऱ्या चाचण्या मात्र निराशाजनक ठरल्या: मेटोप्रोलॉलच्या २०१९ च्या अमेरिकी चाचणीत रुग्णालयात भरती करावी लागणारे झटके वाढले, बिसोप्रोलॉलच्या २०२४ च्या ब्रिटिश चाचणीत फायदा दिसला नाही, पण तसा धोकाही दिसला नाही. एवढे बारकावे ज्या निकषात मावत नाहीत तो निकष डॉक्टरांना लवकरच नकोसा होतो, आणि मग खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

दुष्परिणाम खरोखर औषधानेच झाला का, हे ठरवण्यासाठी १९८१ ची नारांजो मोजपट्टी किंवा जागतिक आरोग्य संघटना व उप्साला केंद्राची कार्यकारणभाव-पद्धत वापरतात; तो टाळता आला असता का, यासाठी शूमॉक-थॉर्नटन यांचे निकष आहेत. तोल सांभाळणारे निर्देशकही आवश्यक असतात: छाननीनंतर धाप वाढली का, तातडीच्या भरती वाढल्या का, आवश्यक औषध भीतीपोटी बंद झाले का. 'स्टेरॉइड वाईट असते' एवढेच वाक्य घरी पोहोचले तर कुटुंबीय गोळीबरोबर स्टेरॉइडचा पंपही बंद करतात. छाननीने घडवलेले हे नुकसान छाननीच्याच नोंदवहीत सहसा सापडत नाही.

तुलनेविना निष्कर्ष काढणे हा या क्षेत्रातील सर्वांत सामान्य दोष आहे. हिवाळ्यात प्रकृती बिघडून भरती झालेल्या रुग्णांची उपक्रमासाठी निवड केली, तर त्यांतील अनेक जण उन्हाळ्यापर्यंत छाननीविनाही सुधारतात. म्हणून त्याच ऋतूशी तुलना, बराच काळ आधीपासूनची आकडेवारी किंवा समांतर तुलनागट लागतो. सर्व गावांना सेवा द्यायचीच असेल, पण एकाच वेळी देणे शक्य नसेल, तर कोणत्या उपकेंद्राने केव्हा सुरुवात करायची हे सोडतीने ठरवून पायरीपायरीने विस्तार करतात; आधी सुरू झालेल्या गावांची तुलना वाट पाहणाऱ्या गावांशी आपोआप होते आणि कोणीही सेवेपासून कायमचा वंचित राहत नाही.

गावपातळीवर असा काटेकोर प्रयोग होऊ शकतो याचे उदाहरण विदर्भातच आहे. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात बालकांच्या न्यूमोनियावर गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत उपचार करण्याचा प्रयोग केला. ५८ गावांत उपक्रम आणि ४४ गावांत तुलना अशी त्याची रचना होती, व त्याचे निष्कर्ष १९९० साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा विषय वृद्ध किंवा औषध-सुरक्षा नव्हता; तुलनेची शिस्त मात्र तीच आहे.

प्रमुख चाचण्यांचे निष्कर्ष

ब्रिटनमधील 'पिन्सर' चाचणी (२०१२) या विषयाच्या सर्वांत जवळ जाते, कारण तिच्या तीन मुख्य निर्देशकांपैकी एक थेट श्वसनाशी निगडित होता: दम्याचा इतिहास असताना बीटा-ब्लॉकर दिले जाणे. ७२ सर्वसाधारण दवाखान्यांत ही चाचणी झाली. एका गटाला संगणकाने काढलेली धोक्यातील रुग्णांची यादी तेवढी दिली. दुसऱ्या गटात औषधतज्ज्ञ त्या यादीसह दवाखान्यात गेला, डॉक्टरांशी बोलला आणि दुरुस्तीचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटात दम्याच्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर मिळण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी कमी होती. यादी दोन्हीकडे सारखीच होती. फरक पाठपुरावा करणाऱ्या माणसाचा होता.

त्यानंतरच्या दोन मोठ्या युरोपीय चाचण्यांनी उत्साह आवरला. 'सेनेटर' (२०२०) मध्ये सहा रुग्णालयांतील १,५३७ वृद्धांच्या औषधांची संगणकीय छाननी झाली. दुष्परिणाम घटले नाहीत, आणि डॉक्टरांनी सूचनांपैकी साधारण १५ टक्केच अमलात आणल्या होत्या. 'ऑपरॅम' (२०२१) मध्ये चार देशांतील ७० वर्षांवरील २,००८ रुग्ण होते. तेथे सूचनांची अंमलबजावणी बरीच चांगली झाली, तरीही औषधांशी संबंधित पुनर्भरतीचे प्रमाण उपक्रमगटात २१.९ व तुलनागटात २२.४ टक्के राहिले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. औषधे कमी करूनही रुग्णांचे नुकसान झाले नाही, ही त्यातील जमेची बाजू. या निकालांवरून छाननी व्यर्थ ठरते असे म्हणणे घाईचे होईल. भरती हा तुलनेने विरळ घडणारा व अनेक कारणांनी होणारा प्रसंग आहे; पण 'धोके शोधले म्हणजे जीव वाचले' हे समीकरण या चाचण्यांनंतर कोणालाही सहज मांडता येत नाही.

ग्रामीण महाराष्ट्र: राळेगाव तालुक्याचा संदर्भ

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा वर्धा नदीकाठचा कापूस पिकवणारा तालुका आहे. गोंड व कोलाम आदिवासींची वस्ती येथे लक्षणीय असून राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. गंभीर रुग्णासाठी एका बाजूस यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी येथील रुग्णालये असे पर्याय आहेत. एकाच वृद्धाची औषधे त्यामुळे सरकारी दवाखाना, खाजगी डॉक्टर, मोठे रुग्णालय आणि चिठ्ठीविना औषध देणारे मेडिकल अशा चार ठिकाणांहून आलेली असू शकतात, आणि चारही ठिकाणच्या नोंदी एकमेकींना भेटत नाहीत. पाश्चात्त्य छाननी ज्या एकत्रित संगणकीय नोंदीवर उभी आहे, ती येथे नसल्याने पिशवी हीच नोंदवही ठरते.

यादी मिळवण्याची सर्वांत जवळची संधी आशा स्वयंसेविकेच्या गृहभेटीत असते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा एक तपासणी-सूची भरते. धाप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, स्वयंपाकाचे इंधन आणि क्षयरोगाची चालू औषधे यांविषयी तीत विचारणा आहे. साठीपुढील व्यक्तींना चालताना तोल जातो का, असेही विचारले जाते. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी मात्र तीत मागितलेली नाही. तोल जाणे व धाप ही दोन उत्तरे एकाच कागदावर 'होय' अशी आली, तर पिशवी पाहण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. गोळीचे नाव वाचून अर्थ लावणे हे आशाचे काम नव्हे. वेष्टनांचे छायाचित्र औषधनिर्माण अधिकाऱ्यापर्यंत वा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणे तिला शक्य आहे. प्रश्न कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या वृद्धाला त्याच्या भाषेत विचारला गेला का, यावर उत्तराचा खरेपणा अवलंबून राहतो. कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे दम्याचे औषध महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घेतले जाते. ते घेतले का, आणि त्यासाठी पंप बंद केला का, हे दरडावून विचारल्यास कोणी सांगत नाही.

शेतीचे वेळापत्रक मूल्यमापनात धरावेच लागते. जुलै ते ऑक्टोबर हा फवारणीचा काळ. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे मृत्यू झाले आणि राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांनी श्वासनलिका आकुंचन पावतात व स्राव वाढतो. या महिन्यांत वाढलेल्या धापेचा दोष औषधावर ठेवण्याआधी रुग्ण शेतात होता का हे विचारणे आवश्यक असते. त्यापुढे कापूस वेचणीची धूळ आणि थंडीतील धूर येतो. उन्हाळ्यात मात्र धोक्याचे स्वरूप बदलते: तीव्र उष्म्यात लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या अंगातील पाणी व क्षार घटतात, आणि साल्ब्युटामॉलचा वारंवार वापर पोटॅशियम आणखी खाली आणतो.

एका तालुक्यात वृद्ध फुफ्फुसरुग्णांची ओळख पटलेली संख्या काही शेकड्यांच्या घरात असेल, तर भरती किंवा मृत्यूंतील घट संख्याशास्त्राने सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. तसे वचन देणारा उपक्रम स्वतःच अडचणीत येतो. अशा ठिकाणी मोजके पण ठोस निर्देशक वापरणे अधिक योग्य ठरते: चौदा दिवसांहून अधिक काळ तोंडी स्टेरॉइड घेणारे किती, पंपाविना केवळ थिओफायलिनवर असणारे किती, श्वसनरुग्ण असून झोपेची गोळी घेणारे किती, क्षयरोगाचा उपचार संपल्यावर इतर औषधांची मात्रा फेरतपासलेले किती. थिओफायलिनची रक्तपातळी मोजण्याची सोय सहसा मोठ्या शहरांतच असल्याने मळमळ, धडधड व निद्रानाश यांची नोंद तीऐवजी वापरावी लागते. पंपाचा पुरवठा खंडित असताना थिओफायलिनची गोळी 'अयोग्य' म्हणून बंद करणे हे कागदावर बरोबर व रुग्णासाठी चूक असू शकते. म्हणून औषधसाठ्याच्या नोंदी मूल्यमापनाचाच भाग मानल्या जातात.

दुष्परिणामांची नोंद

भारताचा औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील निरीक्षण केंद्रे, टपाल, मोबाइल ॲप आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी यांद्वारे संशयित दुष्परिणाम कळवता येतो. डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते यांच्याप्रमाणेच रुग्ण व नातेवाईकही तो कळवू शकतात, आणि औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये बॉन येथे 'इजेविना औषध' ही मोहीम जाहीर करून औषधजन्य टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. १७ सप्टेंबर २०२२ चा जागतिक रुग्णसुरक्षा दिन याच विषयाला वाहिलेला होता.

स्वेच्छेने आलेल्या या नोंदींना छेद नसतो, म्हणजे एकूण किती जणांनी ते औषध घेतले हे त्यांतून कळत नाही. छाननी सुरू झाल्यावर एखाद्या तालुक्यातून येणाऱ्या नोंदी वाढल्या, तर तेथील औषधे अचानक अधिक घातक झाली असे होत नाही. पहिल्या वर्षातील अशी वाढ बहुधा इतकेच सांगते की पूर्वी जे वय, ऋतू किंवा नशीब म्हणून सोडून दिले जात होते, ते आता कोणीतरी लिहून ठेवू लागले आहे.